हवामानाचं विमान आणि एक अतिशय तपशीलवार बातमी

१ मे १९६० म्हटलं की आपल्याला महाराष्ट्र राज्याची स्थापना आठवते. त्याच रविवारी सकाळी पेशावरजवळच्या तळावरून एक अमेरिकन यू-२ विमान उडालं, फोटो काढत सोव्हिएत संघात खोलवर शिरलं आणि स्वर्डलोव्स्कजवळ क्षेपणास्त्रानं पाडलं गेलं. वैमानिक फ्रान्सिस गॅरी पॉवर्स पॅराशूटनं उतरला आणि पकडला गेला. आता २ मेचं कुठलंही वर्तमानपत्र काढा, मराठी काढा नाहीतर न्यूयॉर्कचं. त्यात ही बातमी नाही. ज्यांना ती माहीत होती ते गप्प होते, आणि ज्यांचं विमान होतं त्यांना ते परत आलं नाही एवढंच कळलं होतं.

पीएच.डी.ला बसण्याआधी तुमच्यापैकी अनेकांना 'एका दिवसाचं वर्तमानपत्र वाचून टिपण करा' असा अभ्यास मिळेल. चांगला अभ्यास आहे. पण आपण घटनेचा दिवस वाचतोय की बातमीचा, हे आधी ठरवा. मी इथे बातमीचा दिवस घेतोय: ५ मे १९६०. इतका विनोदी दिवस शीतयुद्धात क्वचितच सापडेल.

त्या दिवशी मॉस्कोत ख्रुश्चेव्ह यांनी सर्वोच्च सोव्हिएतपुढे जाहीर केलं की आम्ही एक अमेरिकन विमान पाडलंय. वैमानिकाबद्दल अवाक्षर नाही. मग वॉशिंग्टनमध्ये नासानं प्रसिद्धिपत्रक काढलं. आमचं हवामान-संशोधनाचं एक विमान रविवारपासून बेपत्ता आहे, असं त्यात होतं. ते तुर्कस्तानातल्या इन्सर्लिक तळावरून निघालं. वान सरोवर, त्राब्झोन, अंताल्या असं फिरून अदानाला परतणार होतं. एकूण १,४०० सागरी मैल, वेळ पावणेचार तास. उड्डाणानंतर तासाभरानं वैमानिकानं रेडिओवरून ऑक्सिजनचा त्रास होत असल्याचं कळवलं, आणि मग संपर्क तुटला. विमानात काय काय उपकरणं होती याचीही यादी दिली होती. तापमान, आर्द्रता, हवेतले धक्के. बिचारं विमान म्हणजे उडती प्रयोगशाळाच!

वैमानिक बेशुद्ध पडला असेल आणि ऑटोपायलटवर विमान चुकून सीमेपलीकडे गेलं असेल, असा खुलासाही सरकारकडून आला. तुर्कस्तानच्या सीमेपासून स्वर्डलोव्स्क दोन हजारांहून जास्त किलोमीटर आहे. झोपेत बस चुकून पुढच्या थांब्यावर उतरणं आपण समजू शकतो. हे म्हणजे दादरला उतरायचं आणि डोळे उघडले तर कोलकाता. पण ५ तारखेला विमान नेमकं कुठे पडलं हे मॉस्कोनं सांगितलं नव्हतं, म्हणून खुलासा खपला.

आणि मला सगळ्यात आवडलेला भाग: बाकीची सगळी यू-२ विमानं ऑक्सिजनची यंत्रणा तपासण्यासाठी जमिनीवर थांबवल्याचंही जाहीर झालं. काल्पनिक बिघाडाची खरी तपासणी! ६ मे रोजी कॅलिफोर्नियात एडवर्ड्सच्या तळावर एका यू-२ वर नासाचा पट्टा आणि खोटा क्रमांक रंगवून ते पत्रकारांना फोटोसाठी दाखवण्यात आलं.

आता हे पत्रक तुमच्या प्रबंधाचं साधन आहे असं समजा आणि वाचा. आपल्याला शिकवलेलं असतं की तपशील भरपूर तर साधन विश्वासार्ह. इथे तपशिलांचा पूर आहे, आणि त्यातला बराचसा तपासूनही घेता येतो. वान सरोवर नकाशावर आहे, इन्सर्लिकला तळ आहे, अंतर मोजा, जवळपास जुळेल. तपासता येत नाही ती गोष्ट एकच: त्या मार्गानं त्या दिवशी असं विमान गेलं का? सगळे खिळे पक्के आणि फळीच नाही, असा हा प्रकार आहे. चांगला कथाकार नेमकं हेच करतो. पत्रक लिहिणाऱ्यांना साहित्यात गती होती म्हणायला हरकत नाही.

यात एक गुंता आहे आणि तो तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे. नासाची पूर्वसुरी संस्था एनएसीए १९५६पासून या विमानांचं अधिकृत काम हवामान-संशोधन असल्याचं सांगत होती. नुसतं सांगत नव्हती. यू-२ च्या मोजमापांवरून उंचावरच्या वाऱ्याच्या धक्क्यांबद्दल १९५७ मध्ये तिनं खरा तांत्रिक अहवाल काढला. म्हणजे ५ मेच्या पत्रकातलं 'हे विमान हवामान-संशोधन करतं' हे वाक्य तुम्ही ग्रंथालयात जाऊन पडताळलंत तर ते पास होतं. दोन स्वतंत्र साधनं जुळली असं तुम्ही लिहाल, आणि इथेच प्रकरण घसरेल, कारण दोन्ही एकाच घरातून आलेली आहेत. साधनं किती आहेत यापेक्षा ती किती घरची आहेत हे मोजा. हे वाक्य माझ्या गाईडनं माझ्या तीन मसुद्यांच्या समासात लिहिलंय, तेव्हा आता ते तुमच्याही गळ्यात घालतो.

७ मेला ख्रुश्चेव्ह पुन्हा बोलायला उभे राहिले. वैमानिक जिवंत आहे, आमच्याकडे आहे, आणि ही गोष्ट परवा मी मुद्दाम सांगितली नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. व्हायवाला असा एक बहिःस्थ परीक्षक असतो बघा. आधी सोपा प्रश्न विचारतो, तुम्हाला भरभरून बोलू देतो, आणि मग शांतपणे बॅगेतून तो ग्रंथ काढतो जो तुम्ही 'अनुपलब्ध' म्हटलेला असतो. वैमानिकाजवळच्या सामानात विषाची सुई होती, शिवाय सोन्याची घड्याळं आणि बायकांच्या अंगठ्या. त्यावर त्यांनी टोमणा मारला की गडी मंगळावर जाऊन तिथल्या बायकांना भुलवणार होता की काय!

मग ५ मेचं पत्रक फेकून द्यायचं? अजिबात नको. प्रश्न बदला. 'विमान कुठे गेलं?' याचं उत्तर द्यायला ते कुचकामी आहे. 'वॉशिंग्टनला त्या दुपारी काय वाटत होतं?' याला ते पहिल्या दर्जाचं साधन आहे. नीट बघा, त्यात वैमानिक फक्त एकदा बोलतो, ऑक्सिजनबद्दल, आणि मग कायमचा गप्प होतो. अशी कथा माणूस तेव्हाच रचतो, जेव्हा नायक परत येऊन बोलणार नाही याची त्याला खात्री असते. यू-२ पडलं तर वैमानिक वाचत नाही, असंच आयसेनहॉवर यांनाही सांगण्यात आलं होतं. हे गृहीतक पत्रकात कुठेही लिहिलेलं नाही, तरी त्याच्या रचनेत ते जागोजागी दिसतं. ११ मेला आयसेनहॉवर यांनी जबाबदारी स्वीकारली, पुढच्या आठवड्यात पॅरिसची शिखर परिषद फिसकटली. ते सगळं पाठ्यपुस्तकात आहेच.

पण ख्रुश्चेव्ह यांना नायक करून टाकू नका. त्या सकाळच्या गोंधळात सोव्हिएत क्षेपणास्त्रानं स्वतःचंच एक मिग विमान पाडलं आणि त्याचा वैमानिक मारला गेला. ही गोष्ट कित्येक वर्षं जगाला कळू दिली नाही. टोमण्यांवर सभागृह हसत होतं तेव्हा मॉस्कोच्या कथेतूनही एक वैमानिक गायब होता, आणि हा तर जिवंतही नव्हता. नासाच्या पत्रकावर हसताना आपण समोरच्या भाषणाला आपोआप खरं मानून बसतो. एक साधन खोटं निघालं की त्याच्या विरोधातलं साधन खरं ठरत नाही. दोघांनाही तेच प्रश्न विचारावे लागतात, आणि दुसऱ्याला विचारायचा कंटाळा येतो, कारण तोवर आपली बाजू ठरलेली असते.

एडवर्ड्सच्या तळावरचा तो फोटो आजही पाहायला मिळतो. काळपट विमान, शेपटीवर पट्टा, क्रमांक ठळक. प्रबंधात वापरणार असाल तर खाली 'नासाचे संशोधन विमान, १९६०' असं लिहू नका. 'लॉकहीड यू-२, नासाच्या बनावट क्रमांकासह, पत्रकारांना दाखवण्यासाठी रंगवलेले, ६ मे १९६०' असं लिहा. ओळ लांब होते, गाईड कापायला सांगेल. कापू नका.