प्रागच्या वळणावर

"अहो, सणासुदीला हे काय घेऊन बसलात?" माझ्या हातातले पुस्तक आणि शेजारची तशीच राहिलेली चकलीची बशी पाहून सौ.ने विचारले. तिचे म्हणणे खोटे नव्हते. पुस्तक एका खुनाचे होते, आणि खून करणाऱ्या दोघांवर लेखकाचे निरतिशय प्रेम होते.

लोराँ बिने या फ्रेंच लेखकाची 'एच-एच-एच-एच' ही कादंबरी २०१० साली निघाली. 'हिम्लरचा मेंदू म्हणजे हायड्रिख' अशा अर्थाच्या जर्मन वाक्यातली ही आद्याक्षरे आहेत. मी ती इंग्रजी भाषांतरात वाचली. राइनहार्ड हायड्रिख हा नाझींच्या गुप्त पोलीस यंत्रणेचा सूत्रधार. २० जानेवारी १९४२ रोजी वानसे येथे ज्यूंच्या संहाराची योजना ज्या बैठकीत मांडली गेली, तिचा तोच अध्यक्ष. त्याआधी काही महिने चेक प्रदेशाचा कारभारही त्याच्या हाती आला होता. त्याला मारण्यासाठी लंडनमधल्या चेक सरकारने ब्रिटिशांच्या मदतीने विमानातून माणसे उतरविली. त्यांपैकी गाब्चिक आणि कुबिश हे कादंबरीचे नायक.

२७ मे १९४२. प्रागमधल्या एका अवघड वळणावर हायड्रिखची उघडी मोटार मंदावली. गाब्चिकची बंदूक ऐन वेळी अडली. कुबिशने बाँब फेकला. जखमी हायड्रिख ४ जूनला मेला. १८ जून रोजी एका चर्चमध्ये वेढा पडला आणि हे दोघे आपल्या पाच साथीदारांसह तिथेच संपले.

एवढ्या ऐवजावर एखाद्याने झकास साहसकथा लिहिली असती. बिने तसे करीत नाही, आणि त्याच्या कादंबरीचे खरे मोल मला इथेच वाटते. लहान लहान प्रकरणे लिहिताना तो मध्येच थांबतो. हायड्रिखची मोटार काळी होती की गर्द हिरवी, यावर घोळ घालीत बसतो. एखादा प्रसंग रंगवतो आणि लगेच कबूल करतो, की हे मी रचले. प्रथम याचा मला कंटाळा आला. मग ध्यानात आले, की हा नखरा नव्हे. जी माणसे खरोखर मेली, त्यांच्या तोंडी आपल्या सोयीची वाक्ये घालण्याचा हक्क आपल्याला नाही, ही ती भीड आहे. रक्ताचा हिशेब लिहिणाऱ्याने खोटी कलमे मांडू नयेत, एवढेच त्याचे म्हणणे.

आता मुख्य प्रश्न. परक्या सत्तेच्या धुरीणाला असे टिपून मारणे न्याय्य आहे काय? हायड्रिखपुरते माझे उत्तर 'होय' असे आहे. युद्ध चालू होते, देश गिळला गेला होता, कोणत्याही न्यायासनापुढे त्याला उभे करण्याची सोय नव्हती. मारणारे त्याच मातीचे होते, आणि आपण परत येणार नाही हे जाणून गेले होते. आपल्याकडच्या वाचकाला २२ जून १८९७ची गणेशखिंडीची रात्र इथे आठवेल. तिथेही रस्त्यातली गाडीच होती. रँडबरोबर मागच्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्टही मारला गेला, आणि चापेकर बंधूंनी त्याची किंमत आपल्या गळ्यांनी चुकवली.

ही सारी हकीकत मी सौ.ला सांगितली. लिदित्सेचेही सांगितले. या कटाशी संबंध सिद्ध न झालेले ते खेडे नाझींनी १० जूनला सूड म्हणून नष्ट केले. १७३ पुरुष गावातच गोळ्या घालून मारले, बायकांना छळछावणीत धाडले, आणि ८२ मुले पुढे विषारी वायूने मारली. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्या गावाला कुणी विचारलं होतं का?"

या प्रश्नाने माझे 'होय' जरा डळमळले. कारण गावाच्या वतीने विचारणारे कोणी नव्हते असे नाही. मे १९४२मध्ये चेक भूमिगतांनी लंडनला संदेश पाठवून विनवले होते, की हा बेत सोडा, सूड भयंकर होईल. लंडनने बेत सोडला नाही. बिनेच्या कादंबरीतला मोठा उणेपणा मला इथे दिसतो. लिदित्सेवर तो मनापासून लिहितो, पण त्याचा जीव त्या दोघा वीरांवर इतका जडला आहे, की 'नको' म्हणणाऱ्यांच्या शहाणपणाला कादंबरीत हवे तेवढे वजन मिळत नाही. वळणावरचे शौर्य आणि लंडनच्या टेबलावरचा निर्णय, या दोहोंची नीती एक नव्हे.

फळाकडे पाहावे तर तेही दुहेरी आहे. ऑगस्ट १९४२मध्ये ब्रिटनने म्युनिक करार आपल्यावर बंधनकारक नसल्याचे जाहीर केले, हा चेकांचा मोठा लाभ. पण हायड्रिख गेला म्हणून संहार थांबला नाही. त्रेब्लिंकाची छावणी त्यानंतरच, जुलैत सुरू झाली.

आज तर वळणावर उभे राहण्याचीही गरज उरलेली नाही. ३ जानेवारी २०२० रोजी अमेरिकेने बगदादच्या विमानतळाजवळ इराणी सेनापती सुलेमानी याला वैमानिकरहित विमानातून मारले. इराणने ८ जानेवारीला क्षेपणास्त्रे डागून उत्तर दिले, आणि त्याच पहाटे तेहरानहून निघालेले युक्रेनचे प्रवासी विमान इराणच्याच सैन्याने चुकून पाडले. १७६ माणसे गेली. सुलेमानीच्या हातांनाही रक्त लागले होते, हे मला मान्य आहे. पण त्या प्रवाशांना कोणी विचारले होते?

म्हणून माझे मत असे बनले आहे. मारला जाणारा दुष्ट होता काय, हा प्रश्न सोपा आहे, आणि बहुधा त्याचे उत्तरही तयार असते. दुसरा मार्ग उरला होता काय, आणि किंमत कोण मोजणार, हे प्रश्न कठीण आहेत. किंमत मोजणारे 'नको' म्हणत असतील, तर हुकूम देणाऱ्याने निदान दहादा थांबावे. हायड्रिखच्या बाबतीत मी अजूनही 'होय' म्हणतो, पण पूर्वीच्या ठसक्यात नाही.

बिनेची कादंबरी जरूर वाचावी. सण आटोपल्यावर वाचा, असे सौ.चे सांगणे आहे. तिनेही ती आता हाती घेतली आहे, आणि चकलीची बशी पुन्हा तशीच पडली आहे.