मोडी ही लघुलिपी होती काय?

मोडी म्हणजे मराठीची लघुलिपी, हे वाक्य व्याख्यानांतून आणि प्रास्ताविकांतून इतक्यांदा ऐकू येते की ते तपासावे असे कुणाला वाटत नाही. मला ते चुकीचे वाटते. आज आमच्या वऱ्हाडात जुन्या दप्तरांचे वाचन पुन्हा गरजेचे झाले असताना ही चूक निरुपद्रवी राहिलेली नाही.

लघुलेखनाची उमेदवारी कशी असते, याचे उत्तम चित्र साहित्यात पाहायचे तर डिकन्सच्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मध्ये (१८४९-५०) पाहावे. आपण ही कादंबरी पोरक्या मुलाच्या हालअपेष्टांची म्हणून वाचतो आणि अडतिसावे प्रकरण भरभर उलटतो. डेव्हिड साडेदहा शिलिंगांना लघुलेखनाचे पुस्तक विकत आणतो. ठिपक्याची जागा बदलली की अर्थ बदलतो. मुळाक्षरे कशीबशी पाठ होतात, तोच कशाशीही नाते नसलेल्या मनमानी खुणांची फौज पुढे उभी राहते. मग घरातच पार्लमेंट भरते: ट्रॅडल्स भाषणे ठोकतो, आत्या आणि मिस्टर डिक सभागृह होतात, डेव्हिड लिहितो. हात वेग धरतो. पण लिहिलेले परत वाचायला गेले तर त्याला एक अक्षर लागत नाही. प्रकरण विनोदी आहे खरे, पण डिकन्सने ही विद्या स्वतः गर्नीच्या पद्धतीने घोटली होती आणि धावत्या घोडागाडीत कंदिलाच्या उजेडात टिपणांचे लेखन केले होते. या धंद्याचे मर्म लिहिण्यात नसून परत वाचण्यात आहे, हे त्याने अनुभवाने ओळखले होते.

आता मोडीकडे वळू. गर्नीची पद्धत शब्दांतले बहुतेक स्वर गाळते. १८३७ साली आलेली पिटमनची पद्धत उच्चारावर उभी आहे. मोडी यातले काहीच करत नाही. ती अक्षर गाळत नाही, जोडते. आधी ओळ आखायची, मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे तिला लटकवत जायचे. ऱ्हस्वदीर्घाचा भेद ती सोडून देते, म्हणून ‘दिन’ आणि ‘दीन’ सारखेच दिसतात. शब्दांमध्ये जागा ठेवत नाही. संक्षेप आहेत, पण ते दप्तराचे ठरलेले संक्षेप: राजमान्य राजश्रीचे ‘रा. रा.’, मौजेचे ‘मौ।’, चांद्र तिथीपूर्वीचा ‘छ’. लघुलेखकाचे टिपण बहुधा त्याच्यापुरते असते, आणि स्वच्छ प्रत झाली की त्याचे काम संपते. मोडी कागद मात्र दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या पिढीच्या कारकुनाने वाचावा म्हणूनच लिहिलेला असतो. एकीत कान आधी, दुसरीत दप्तर आधी.

म्हणून शिकण्याची रीतही वेगळी. मोडीचा विद्यार्थी कित्ता गिरवी, मजकुराचे मायने पाठ करी (मेस्तके त्यासाठीच होती), आणि मग कचेरीत उमेदवार म्हणून बसे. उमेद म्हणजे आशा. नोकरीच्या आशेवर बिनपगारी राबणारा तो उमेदवार. आता हा शब्द निवडणुकीला गेला, राबणे मात्र मागेच राहिले! १८५३च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आले, वाशीम पुढे काही काळ जिल्ह्याचे ठिकाण झाले आणि १९०५ मध्ये अकोल्यात विलीन झाले. कारभारी बदलले तरी मराठी कागद मोडीत लिहिणाऱ्या हातांना काम होतेच.

सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणारे एकाएकी हवेसे झाले. इथे ‘लघुलिपी’ हा शब्द घात करतो. लघुलिपी म्हटले की वाटते, खुणांचा तक्ता पाठ केला की काम झाले. पण संक्षेप सोडवायला कागदाचा काळ, मायना आणि परगण्यातली नावे ठाऊक असावी लागतात. चुकीच्या ठिकाणी तोडलेला शब्द एखाद्या घराण्याची नोंद फिरवू शकतो.

वऱ्हाडाजवळ याहून जुना धडा आहे. चक्रधरस्वामींच्या लीळा बोलल्या जात असताना टिपायला कुणी लघुलेखक नव्हता. रिद्धपूरच्या परिसरात म्हाइंभटांनी त्या मागाहून माणसांच्या आठवणींतून गोळा केल्या. आणि कुणाची आठवण वेगळी होती, हेही पाठांतून नोंदलेले दिसते. मोडीच्या लिप्यंतरांखाली आज बहुधा असे काही नसते. कोणता संक्षेप कसा सोडवला, कुठे शब्द तोडला, वाचणारा कोण, एवढे तरी प्रत्येक पानाखाली छापायला हवे, आणि शेजारी मूळ कागदाचे छायाचित्र.