जुन्या बोलपटांच्या घरगुती प्रती आणि त्यांची पाठशुद्धि

त्रैमासिकाच्या वाचकांस पोथी, बखर, सनदा, नाणीं व शिलालेख यांचा सहवास असतो. त्यांत बोलपट कोठून शिरला असें कित्येकांस वाटेल. दोन वर्षांपूर्वीं आम्हांसही तसेंच वाटलें असतें. परंतु जी वस्तु नकलेवरून नक्कल अशी टिकते, जिची मूळ प्रत बहुधा नष्ट झालेली असते, जिच्या उरलेल्या प्रती एकमेकींशीं जुळत नाहींत आणि ज्यांपैकीं कांहीं घरोघरच्या माळ्यांवर कुजत पडलेल्या असतात, ती वस्तु कागदाची आहे कीं सेल्युलॉइडची एवढ्यावरून तिचें शास्त्र बदलत नाहीं.

अक्कलकोटास आमच्या परिचयाची पांचसात निवृत्त मंडळी आहेत. गुरुवारीं स्वामींच्या दर्शनास आलेल्यांची गर्दी ओसरली म्हणजे सायंकाळीं हीं मंडळी एकाच्या ओसरीवर जमतात आणि जुन्या बोलपटांच्या गोष्टी काढतात. कोल्हापूर व पुणें येथील जुन्या स्टुडिओंचे जे चित्रपट आज कोठेंच पाहावयास मिळत नाहींत, ते डीव्हीडीच्या रूपानें किंवा अन्य मार्गानें घरीं पाहतां यावे, अशी त्यांची इच्छा आहे. त्यांनीं तशी एक यादीच केली आणि तीस जोडावयाचा अर्ज आम्हीं शुद्ध मराठींत लिहून द्यावा म्हणून ती आमच्या हातीं ठेविली. यादी वाचल्यावर अर्ज लिहिण्यास आमचा हात चालेना. कां चालेना, तें सांगण्यासाठीं हा लेख.

यादींतील पहिलेंच नांव ‘सावकारी पाश’. कोणता ‘सावकारी पाश’? कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीसाठीं बाबूराव पेंटर यांनीं १९२५ सालीं काढिलेला मूकपट, कीं त्याच बाबूरावांनीं १९३६ सालीं शालिनी सिनेटोनसाठीं काढिलेला बोलपट? कथा एक, दिग्दर्शक एक, परंतु कृति दोन. पुढें ‘सिंहगड’ आहे. तो १९२३ चा, महाराष्ट्र फिल्म कंपनीचा, कीं १९३३ चा, प्रभातचा? ‘गोपालकृष्ण’ म्हणावा तर प्रभातनें १९२९ सालीं आपला आरंभ त्या नांवाच्या मूकपटानें केला आणि १९३८ सालीं त्याच नांवाचा बोलपट काढिला. ‘चंद्रसेना’ १९३१ चाही आहे आणि १९३५ चाही. नुसतें नांव लिहिणें म्हणजे ग्रंथालयाच्या चिठ्ठीवर ‘रामायण’ एवढेंच लिहून वाल्मीकीचें कीं मोरोपंतांचें तें ग्रंथपालानें ओळखावें असें म्हणण्यासारखें आहे. हा दोष मंडळींच्या प्रेमाचा नव्हे. परंतु अशा यादीवर कोणाही हक्कदारास अथवा संग्रहालयास उत्तर देतां यावयाचें नाहीं.

याहून मोठा दोष असा कीं, जें नष्ट झालें आहे आणि जें केवळ दडलें आहे, त्यांत ही यादी भेद करीत नाहीं. हिंदुस्थानांत सुमारे १,३०० मूकपट झाले. त्यांपैकीं पूर्ण वा त्रुटित स्वरूपांत तीसही आज उरलेले नाहींत. १९२५ चा ‘सावकारी पाश’ त्या गेलेल्यांत आहे. पहिला भारतीय बोलपट म्हणून ज्याची ख्याति, तो १९३१ चा ‘आलम आरा’ही गेला. यास कारणें अनेक आहेत. १९५० च्या सुमारापर्यंत चित्रपट ज्या नायट्रेटच्या पट्टीवर उतरवीत, ती पट्टी बंदुकीच्या कापसाची सख्खी बहीण. ती पेटली म्हणजे पाण्यानेंही विझत नाहीं, आणि पेटली नाहीं तरी डब्यांतल्या डब्यांत चिकट होऊन शेवटीं तिची तपकिरी भुकटी होते. शिवाय त्या पट्टींत चांदी असते. चालून जुना झालेला चित्रपट पुनः चालणार नाहीं असें दिसलें कीं चांदी काढणारांस तो विकून टाकीत. पेशवाईचीं दप्तरें पुड्या बांधण्यास गेल्याबद्दल आपण हळहळतों, त्यांतलाच हा प्रकार. कोल्हापुरास भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ १९४८ च्या जाळपोळींत सांपडला. आणि आमच्याच काळांत, १९०० सालीं नव्हे तर २००३ च्या जानेवारींत, पुण्यास प्रभातच्या जुन्या आवारांत नायट्रेटच्या कोठारास आग लागून अनेक जुने चित्रपट गेले. जें असें गेलें त्याची तबकडी कोण काढणार?

उलटपक्षीं, गेलें असें म्हणून स्वस्थ बसणेंही बरोबर नव्हे. कलकत्त्याच्या मादन कंपनीच्या ‘बिल्वमंगल’ या १९१९ च्या मूकपटाचा कांहीं भाग पॅरिसच्या संग्रहांत होता. तो २०१६ सालीं पुण्यास आला. जर्मनीच्या ‘मेट्रोपोलिस’ या १९२७ च्या चित्रपटाचे गाळलेले भाग २००८ सालीं दक्षिण अमेरिकेंत ब्युनोस आयर्स येथें एका ओरखडलेल्या लहान प्रतींत सांपडले आणि ऐंशी वर्षांनंतर तो जवळजवळ पूर्ण झाला. उत्तरेंत लोपलेला ग्रंथ केरळांतील ताडपत्रावर मिळावा, तसेंच हें.

दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्रा’ची गोष्ट तर आमच्या पाठचिकित्सक वाचकांनीं मुद्दाम लक्षांत घ्यावी. १९१३ चा हा चित्रपट सुमारें ३,७०० फूट लांब होता. त्याचा निम्म्याहून कमी भाग आज उरला आहे. आणि उरलेला भाग १९१३ चा नसून फाळक्यांनीं १९१७ सालीं पुनः काढिलेल्या ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्रा’चा आहे, असें कित्येक अभ्यासकांचें म्हणणें आहे. म्हणजे ज्यास आपण मूळ संहिता समजून वंदन करितों, ती दुसरी आवृत्ति असण्याचा संभव आहे! असें असून घरगुती प्रतींवर बहुधा ‘१९१३’ एवढाच आंकडा असतो. एखाद्या पोथीविषयीं कोणी असें केलें असतें तर याच त्रैमासिकांत त्याचा समाचार घेणारे तीन लेख आले असते.

आतां पाठभेदांकडे वळूं. प्रभातचे पुष्कळ बोलपट मराठी व हिंदी अशा दोन भाषांत वेगवेगळे चित्रित झाले. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा पहिला मराठी बोलपट, त्याचेंही हिंदी भावंड आहे. हीं भावंडें म्हणजे एकाच्या ओठांवर दुसऱ्याचे शब्द चिकटविलेलीं भाषांतरें नव्हत. ‘अमृतमंथनां’त (१९३४) मराठी राजगुरु केशवराव दाते आहेत, हिंदी राजगुरु चंद्रमोहन. चंद्रमोहनांच्या डोळ्यांची वाखाणणी आजही ऐकूं येते, आणि ती योग्यच आहे. परंतु दात्यांचा राजगुरु पाहिल्यावांचून त्या भूमिकेविषयीं मत देणें म्हणजे एकाच शाखेची पोथी वाचून ग्रंथाविषयीं बोलणें होय. ‘शेजारी’ (१९४१) पाहा. मिर्झाची भूमिका दोन्हींत गजानन जागीरदारांची. परंतु मराठींत त्यांच्यासमोर केशवराव दाते, तर ‘पडोसी’ या हिंदी चित्रपटांत मझहर खान. म्हणजे हिंदींत हिंदु नटानें मुसलमान शेजारी आणि मुसलमान नटानें हिंदु शेजारी उभा केला. चित्रपटाचा विषयच दोन धर्मांच्या शेजाऱ्यांचें सख्य व वितुष्ट हा असल्यामुळें ही अदलाबदल केवळ नटांची सोय राहत नाहीं, ती अर्थाचा भाग बनते. आणि मराठी प्रतींत ती नाहीं. दोन्ही प्रती शेजारीं ठेवूनच हें कळतें. आमच्या मंडळींनीं मात्र यादींत जेथें हिंदी तबकडी मिळते तेथें मराठी नांवावर काट मारली होती, ‘एक मिळालें आहे’ म्हणून.

सोलापूरकरांच्या जिव्हाळ्याचा एक चित्रपट येथें सांगितला पाहिजे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे सोलापूरचे. चीनमध्यें १९४२ सालीं वारले. शांतारामबापूंनीं राजकमलतर्फें १९४६ सालीं ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढिली आणि नायकाची भूमिकाही स्वतः केली. हिंदी चित्रपट घरीं पाहतां येतो. परंतु त्याची परदेशासाठीं एक इंग्रजी आवृत्तिही निघाली होती, हें कोटणीसांच्या जिल्ह्यांत आम्हीं विचारलेल्या दहांपैकीं नऊ जणांस ठाऊक नव्हतें. आपल्या गांवच्या मुलाची कथा परक्यांस कशी सांगितली, काय ठेविलें, काय वगळलें, हें पाहण्याची इच्छा ज्याच्या मनांत उठत नाहीं त्यास रसिक म्हणावें, संशोधक म्हणूं नये.

घरगुती प्रतींच्या गुणदोषांविषयीं आतां प्रत्यक्ष अनुभव सांगतों. प्रभातचे मुख्य चित्रपट घरोघर पोंचले हें मराठी माणसाचें भाग्य. ‘संत तुकाराम’ (१९३६) ज्यानें पाहिला नाहीं असें घर आमच्याकडे विरळा. इतर स्टुडिओंच्या वांट्यास तें भाग्य सारखें आलें नाहीं. तसल्या एका सामाजिक बोलपटाची तबकडी आम्हीं कांहीं वर्षांमागें घेतली. चित्रपटाचें नांव व विक्रेत्याचें नांव दोन्ही येथें देत नाहीं, कारण दोष एकाचा नसून रूढीचा आहे. आरंभींची श्रेयनामावली कापून तेथें विक्रेत्याची नवी पाटी. चित्र मुळांत जवळजवळ चौकोनी. तें हल्लींच्या रुंद पडद्यावर बसावें म्हणून वरून व खालून छाटलेलें, इतकें कीं नायिकेच्या कपाळावरचें कुंकू पडद्याबाहेर गेलेलें! कोपऱ्यांत अखेरपर्यंत विक्रेत्याची मुद्रा. पोथीच्या पानोपानीं मालकाचा शिक्का आम्हीं सहन करितों. परंतु तो अक्षरांवर मारीत नाहींत.

आमच्या संग्रहीं त्या बोलपटाची पदांची पुस्तिका होती. पूर्वीं थिएटरच्या दारांत अशा पुस्तिका कांहीं आण्यांस मिळत. त्यांत कथासार, पात्रांचीं नांवें आणि पदें क्रमानें छापलेलीं असत. संग्राहकांनीं या पुस्तिका क्षुद्र समजूं नयेत. चित्रपट नष्ट झाला तरी त्याची अनुक्रमणी या चार पानांत राहते. आमच्या पुस्तिकेंत नऊ पदें, तबकडींत सात. तेव्हां माळ्यावरील एक जुनी व्हिडिओ कॅसेट आठवली. १९९० च्या सुमारास दूरदर्शनवर हाच बोलपट लागला असतां आमच्या थोरल्या बंधूंनीं तो तीवर उतरवून ठेविला होता. यंत्र लाविलें. चित्र खरखरीत, आवाज बुडालेला. पण श्रेयनामावली पूर्ण, आठवें पद पूर्ण. नववें सुरू झालें, एक कडवें झालें, आणि एकाएकीं रंगीत चित्र येऊन मंगलाष्टकें ऐकूं येऊं लागलीं. पुढें शेवटपर्यंत आमच्या भाच्याची मुंज आहे. कॅसेट कोरी समजून मुंजीची नक्कल घेण्यासाठीं ती आम्हींच दिली होती. जुन्या पोथीचीं पानें धुवून त्यांवर दुसरें लिहिणाऱ्या लेखकांविषयीं आम्हीं वर्गांत मुलांसमोर पुष्कळ कठोर शब्द काढिले आहेत. तीं मुलें हें वाचणार नाहींत अशी आशा आहे.

या प्रकारावरून आमचें मत असें झालें कीं, रसिकांची मागणी योग्य आहे, परंतु अपुरी आहे. ‘आम्हांस चित्रपट द्या’ एवढ्यानें भागत नाहीं. ‘कोणत्या प्रतीवरून दिला तें सांगा’ हेंही मागितलें पाहिजे. नाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरी शुद्ध केली तेव्हां अनेक प्रती पाहिल्या आणि आपण काय केलें त्याची नोंद ग्रंथाच्या शेवटीं ठेविली. भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सित आवृत्ति १९१९ ते १९६६ एवढ्या काळांत सिद्ध केली, तींत प्रत्येक श्लोकाखालीं कोणत्या पोथींत काय आहे तें दिलें आहे. बोलपटास एवढा व्याप नको. तबकडीच्या वेष्टनावर एक पुष्पिका पुरे: ही प्रत कोणाच्या संग्रहांतील, मूळ लांबी किती, आज उरली किती, काय जोडलें, काय मिळालें नाहीं. इतकी माहिती असती तर आमच्या सात पदांच्या तबकडीनें आम्हांस फसविलें नसतें. ती केवळ त्रुटित ठरली असती, आणि त्रुटित प्रतीचाही आम्हांस तिटकारा नाहीं. खरा अपाय निराळाच आहे. तबकडी निघाली कीं लोक समजतात चित्रपट वांचला. मग कोणी दुसरी प्रत शोधीत नाहीं, आणि जी पुरी प्रत कोठें माळ्यावर असेल ती शांतपणें बुरशीस अर्पण होते. छापखाना आल्यावर पोथ्यांचें असेंच झालें.

हक्काचा प्रश्न पुष्कळदां पुढें करितात. आपल्या कायद्यानें चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षें टिकतो. म्हणजे आमच्या यादींतील बहुतेक चित्रपट कधींच मोकळे झाले आहेत. परंतु हक्क मोकळा झाल्यानें पट्टी मोकळी होत नाहीं. ती ज्याच्या कपाटांत असेल त्यानेंच दार उघडावें लागतें. पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें आणि कै. पी. के. नायर यांनीं गांवोगांव फिरून डबे जमविले; तें संग्रहालय अलीकडे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन झालें आहे. अर्ज करावयाचा तर तेथें प्रथम करावा, पण नुसत्या नांवांचा नव्हे.

म्हणून मंडळींस आम्हीं यादी परत केली आणि प्रत्येक नांवापुढें वर्ष, स्टुडिओ, भाषा आणि घरांत त्या चित्रपटाचें जें जें असेल, पुस्तिका, जाहिरात, ध्वनिमुद्रिका, कॅसेट, तें लिहून आणावें असें सांगितलें. थोडी नाराजी झाली. परंतु पुढल्याच गुरुवारीं एकानें आईच्या पेटींतून पदांच्या तीन पुस्तिका आणल्या. त्यांपैकीं एकीचें शेवटचें पान नाहीं. ती नोंद चालू आहे आणि पूर्ण झाल्यावर अर्जासह मंडळाकडे पाठवूं.

आमच्या कॅसेटची नक्कल मात्र अद्याप झालेली नाहीं. पदांची तुलना संपली त्याच रात्रीं यंत्राचा पट्टा तुटला, आणि सोलापुरांत तो जोडून देणारा कोणी मिळाला नाहीं. पट्टीच्या कडेला पांढरी बुरशी दिसूं लागली आहे. ज्या वाचकांकडे असें यंत्र चालू स्थितींत असेल त्यांनीं मंडळाच्या कार्यालयाकडे कळवावें. कॅसेट टपालानें न पाठवितां आम्ही स्वतः घेऊन येऊं.