चौकातले दिवस आणि घरातला सण

बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीलगत आमची वस्ती. इथला हिवाळा स्मृतिदिनांचा: ६ डिसेंबर, २५ डिसेंबर, १ जानेवारीचा भीमा कोरेगाव, ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती. हे सारे दिवस चौकात साजरे होतात, माइकवरून. घरात साजरी होते ती संक्रांत. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली हळदीकुंकवाचे ताट, वाणाला प्लास्टिकचे डबे. रथसप्तमीपर्यंत हे चालते आणि विधवा शेजारीण दाराआडच राहते.

आमचे वक्ते बायकांना अंधश्रद्ध म्हणून मोकळे होतात. मला हे मान्य नाही. चौक पुरुषांनी घेतला. बाईच्या हाती स्वयंपाकघराखेरीज काय ठेवले? महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले, आणि लुगडे कसे नेसावे, कोणते दागिने टाकावेत इथपर्यंत बोलले. आम्ही त्या क्रांतीची फक्त भाषणे केली. १९९६ साली चंद्रपुरात दलित स्त्रियांनी २५ डिसेंबर हा भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पुढे आणला. तोही आमच्याकडे बॅनरवरच अडकला.

तिळगुळाला माझी ना नाही. थंडीत तीळ खावेतच. पण तो नामविस्ताराचा म्हणून वाटावा. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले ते १४ जानेवारी १९९४ रोजी. त्या नावापायी १९७८ साली आपल्या लोकांची घरे जाळली गेली होती. आणि पहिला तिळगूळ त्या शेजारणीच्या हातावर ठेवावा. यंदा वस्तीतल्या दोन घरांतल्या सुनांनी तसे केले. सासवा अजून रुसलेल्या आहेत.