आवर्तसारणी : उणिवांची यादी की विचाराची वाट?

बालभारतीच्या २०१८ साली आलेल्या इयत्ता दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १’ या पुस्तकात मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणावर स्वतंत्र प्रकरण आहे. एनसीईआरटीने २०२२ साली आपल्या दहावीच्या पुस्तकातून हा विषय वगळला, तेव्हाही राज्याच्या पुस्तकात तो राहिला, ही समाधानाची गोष्ट. डोबेरायनरची त्रिके, न्यूलँड्सची अष्टके, मेंडेलीव्हची सारणी आणि मग आधुनिक सारणी हा क्रमही योग्यच आहे. आक्षेप आहे तो गुण आणि उणिवा यांच्या याद्यांना. त्या पाठ करणाऱ्या मुलाचा समज असा होतो, की आधीचे सगळे चुकले आणि शेवटच्याने दुरुस्त केले.

समस्थानिकांचेच पाहा. ही कल्पना सॉडीने १९१३ साली मांडली. मेंडेलीव्हचे निधन १९०७ साली झाले होते. हा शोध नंतरचा, असे पुस्तकही सांगते; तरी मुद्दा टाकते उणिवांतच. वास्तविक वेगवेगळ्या वस्तुमानांचे अणू रासायनिकदृष्ट्या सारखे वागतात, यातूनच कळते की मांडणीचा खरा पाया अणुवस्तुमान नाही. टेल्युरिअमचे अणुवस्तुमान १२७.६ आणि आयोडीनचे १२६.९. तरीही मेंडेलीव्हने टेल्युरिअम आधी ठेवले, कारण आयोडीनचे गुणधर्म क्लोरीन-ब्रोमीनशी जुळतात. टेल्युरिअमचे वस्तुमान मोजण्यात चूक झाली असावी, हा त्याचा तर्क खोटा ठरला. जागा मात्र बरोबर ठरली. मोज्लीने १९१३ साली क्ष-किरणांच्या मोजमापांतून अणुक्रमांक ठरवले, तेव्हा त्यामागचे कारण उलगडले.

‘एका-अॅल्युमिनिअम’ आणि गॅलिअम यांची तुलना मुले पाठ करतात. त्यामागची हकीकत वर्गात सांगितलीच पाहिजे. मेंडेलीव्हने १८७१ साली या अज्ञात मूलद्रव्याची घनता ५.९ वर्तवली होती. बॉइसबॉद्राँने १८७५ साली गॅलिअम शोधले आणि घनता दिली ४.७. मेंडेलीव्हने कळवले, नमुना पुन्हा शुद्ध करून पाहा. शुद्ध नमुन्याची घनता ५.९ भरली! ज्याने धातू डोळ्यांनी पाहिलाही नव्हता, त्याने तो हातात असणाऱ्याचे मोजमाप सुधारले. नियमाची ताकद याहून सोप्या रीतीने कशी दाखवणार?

शिवाय हे सारे परदेशातच घडते असेही नाही. आजरा तालुक्यातील शिक्षकाने मुलांना जवळच्या सड्यावर न्यावे. तिथला जांभा म्हणजे काळ्या बेसॉल्टचे अवशेष. शतकानुशतकांच्या पावसाने सोडिअम, पोटॅशिअम (गण १), मॅग्नेशिअम, कॅल्शिअम (गण २) धुऊन नेले. त्यांचे एक किंवा दोन धनप्रभारांचे आयन पाण्यात सहज वाहून जातात. सिलिकाही हळूहळू गेली. तीन धनप्रभार असलेले लोह आणि अॅल्युमिनिअम यांची ऑक्साइडे न विरघळणारी, म्हणून ती मागे राहिली. लोहामुळे दगड तांबडा झाला. अॅल्युमिनिअम फार साठले तिथे बॉक्साइट झाले. कोल्हापूर जिल्ह्यात चंदगड, राधानगरी भागात बॉक्साइटच्या खाणी निघाल्या त्या यामुळेच.

आता सारणीत अॅल्युमिनिअमच्या खाली बोट न्यावे. तिथे गॅलिअम! एकाच गणातले, तसेच तीन प्रभारांचे. म्हणून ते अॅल्युमिनिअमची साथ सोडत नाही. जगभरच्या बॉक्साइटमध्ये ते सरासरी टनाला पन्नासेक ग्रॅम असते आणि जगातले बहुतेक गॅलिअम अॅल्युमिना बनवतानाच मिळवले जाते. मेंडेलीव्हने कागदावर मांडलेले नाते दगडातही टिकून आहे.

म्हणून पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत उणिवांच्या यादीऐवजी प्रश्न यावेत : टेल्युरिअम आयोडीनच्या आधी का? जांभ्यात सोडिअम का उरले नाही? तोवर हे प्रश्न शिक्षकांनीच फळ्यावर लिहावेत. उत्तर शोधताना मुलाचे बोट सारणीवरून फिरेल, आणि सारणी पाठ करण्यासाठी नसून वापरण्यासाठी आहे हे त्याला आपोआप कळेल.