राजाचे पाप लपवून न ठेवणारा ग्रंथ

दावीद म्हटला की गोफण हाती घेतलेला मेंढपाळ किंवा वीणा छेडणारा राजकवी आपल्या नजरेसमोर येतो. इसवी सनपूर्व १००० च्या सुमारास त्याने हेब्रोनमध्ये सुमारे ७ आणि जेरुसलेममध्ये ३३ अशी एकूण ४० वर्षे राज्य केले, असे शास्त्र सांगते. १९९३ साली उत्तर इस्राएलमधील तेल दान येथे एक अरामी शिलालेख सापडला. त्यात ‘दावीदाचे घराणे’ असा उल्लेख असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. परक्यांनी दगडावर कोरलेल्या या नावापेक्षा स्वकीयांनी ग्रंथात रेखाटलेला दावीद अधिक विचार करायला लावतो.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा अकरावा अध्याय पाहावा. राजे मोहिमेवर निघतात त्या ऋतूत दावीद मात्र जेरुसलेमातच राहतो. एवढ्या साध्या नोंदीत लेखकाने पुढील अनर्थाचे बीज पेरले आहे. राजा माणसे पाठवतो, बथशेबेला आणवतो, उरियाला रणांगणावरून बोलावून घेतो. ‘पाठवणे’ हे क्रियापद इथे पुन्हा पुन्हा येते आणि सत्तेचा हात किती लांबवर पोहोचतो, हे उमगते. उरिया परका, हित्ती वंशाचा. पण कराराचा कोश आणि सोबतचे सैनिक राहुट्यांत असताना स्वतःच्या घरी सुखाने निजणे त्याला मान्य नाही. त्याच्याच हाती त्याच्या मृत्यूचे पत्र देऊन राजा त्याला यवाबाकडे धाडतो. उरियाला काही उमगले होते काय? लेखक बोलत नाही. ही शांतता वाचकाला अस्वस्थ करते.

हाच काळ इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातही येतो. तिथेही मोहिमेचा ऋतू आहे, राजा जेरुसलेमात आहे; पण बथशेबा आणि उरिया यांची कथा नाही. अबशालोमाचे बंडही गळले आहे. शिरगणतीचा अपराध तेवढा राहिला, कारण त्यातूनच मंदिराची जागा ठरते. त्या लेखकाला दोष देण्याचे कारण नाही. बंदिवासानंतर नव्याने उभ्या राहणाऱ्या समाजापुढे त्याला उपासनेचा आदर्श ठेवायचा होता. तरीही त्याचा दावीद वंदनीय वाटतो, जवळचा वाटत नाही.

जवळचा वाटतो तो नाथान संदेष्ट्यासमोर खाली मान घालणारा दावीद. गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट ऐकून तो संतापतो आणि आपल्याच तोंडून स्वतःला दोषी ठरवतो. एक्कावन्नावे स्तोत्र परंपरेने याच प्रसंगाशी जोडले आहे. राखेच्या बुधवारी आणि दर शुक्रवारच्या प्रातःप्रार्थनेत ख्रिस्तसभा आजही ते म्हणते. म्हणजे राजाच्या पराभूत क्षणाने आपल्याला पश्चात्तापाची भाषा दिली.

संत मत्तयाने हे धैर्य पुढे नेले. येशूच्या वंशावळीत शलमोनाच्या आईचे नाव न देता तो ‘उरियाची पत्नी’ म्हणतो. ज्या निष्पाप माणसाला राजाने नाहीसे केले, त्याचे नाव तारणाऱ्याच्या वंशवृक्षावर कायमचे कोरले गेले.

आपल्या धर्मग्रामांच्या महोत्सवी स्मरणिकांत संस्थापकांचे गुणगान असते, आणि ते असावेच. परंतु ज्यांच्यावर अन्याय झाला, ज्यांचे श्रम विसरले गेले, त्या आपल्या उरियांसाठी एखादे पान राखून ठेवतो का? दावीदाची कथा श्रद्धेने वाचणाऱ्याला हा प्रश्न टाळता येणार नाही.