योनाचा संताप

ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे देव अविकारी आहे. मग बायबलातल्या योना संदेष्ट्याच्या कथेत, चाळीस दिवसांत निनवे शहर उद्ध्वस्त होईल असे बजावून तो ऐनवेळी माघार कशी घेतो? धर्मपंडित म्हणतात, उपास धरून, गोणताट नेसून पालटले ते निनवेकर. उत्तर बिनतोड, पण फळ्यावरच्या गणितासारखे कोरडे! मला मोलाचा वाटतो तो योनाचा संताप. शत्रूच्या त्या नगरालाही देव क्षमा करणार, हे तो प्रथमपासून ओळखून होता. म्हणून तर तार्शीशच्या जहाजात बसून पळाला. देवाच्या न पालटणाऱ्या दयेची खात्री इथे भक्ताच्या तक्रारीतून पटते. कथाकाराने ती तक्रार मिटवलेलीही नाही. चार अध्यायांची ही कथा देवाच्या प्रश्नाशी थांबते. योनाचे उत्तर आपल्याला ऐकू येत नाही.